पंचगंगेकाठच्या अभ्यासक्षेत्राचा नकाशा पायथनमध्ये कसा तयार करावा

प्रबंध असो वा प्रकल्प अहवाल, सुरुवातीच्या पानांत अभ्यासक्षेत्राचा नकाशा असतोच. बरेचदा तो मोबाइलवरचा स्क्रीनशॉट असतो आणि त्यावर लाल ठिपके चिकटवलेले असतात. प्रमाण नसतं, अक्षांश-रेखांश नसतात, नदी कोणत्या महिन्यातली आहे तेही कळत नाही. मला या नकाशाकडून एकच अपेक्षा आहे: पुढच्या वर्षी दुसरं कुणी तो हातात घेऊन निघालं, तर त्याला तुम्ही पाण्याचा नमुना घेतलात नेमक्या त्याच जागी उभं राहता आलं पाहिजे. बाकीची सजावट त्यानंतर.

उदाहरणासाठी आपण कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीपासून राजाराम बंधाऱ्यापर्यंतची पंचगंगा घेऊ. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी चिखलीला एकत्र येतं, पाचवी सरस्वती गुप्त मानतात, आणि तिथून पुढे नदीला पंचगंगा म्हणतात. मग शिवाजी पूल, पंचगंगा घाट, शहराच्या मधून येणारा जयंती नाला आणि शेवटी कसबा बावड्याचा राजाराम बंधारा. पाण्याच्या गुणवत्तेचा अभ्यास करणाऱ्याला याहून चांगला पट्टा मिळणं अवघड आहे. शहराच्या वरचं पाणी, शहरातलं पाणी आणि नाल्याच्या खालचं पाणी, सगळं एकाच रेषेवर तपासता येतं.

फंक्शनांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना त्यांची मूळ स्पेलिंग वापरा. तयार कोड मुद्दाम देत नाही. कोड कुठेही मिळतो. कोणती पायरी कशासाठी आणि ती कुठे फसते, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही.

आधी कागदावर

कॉम्प्युटर उघडण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर नदी काढा आणि बिंदू मांडा. नाल्याचा परिणाम बघायचा असेल तर नाला मिळतो त्या जागेच्या वर एक बिंदू हवा आणि खाली एक. खालचा बिंदू अगदी मुखाशी नको, कारण तिथे पाणी नीट मिसळलेलं नसतं. प्रत्येक बिंदूपुढे तो का निवडला ते एका वाक्यात लिहा. ज्याचं कारण लिहिता येत नाही तो बिंदू काढून टाका.

फोल्डर आणि एन्व्हायर्न्मेंट

लायब्ररी बसवून देणाऱ्या कोंडाच्या कोंडा-फोर्ज चॅनलवरून या कामासाठी वेगळं एन्व्हायर्न्मेंट (इतर कामांपासून अलग ठेवलेला लायब्ररींचा संच) तयार करा आणि त्यात जिओपांडाज (नकाशाचे तक्ते), ओएसएमएनएक्स (ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा), रास्टेरिओ (उंची आणि उपग्रह प्रतिमा), मॅटप्लॉटलिब (आकृती काढणं) आणि कॉन्टेक्स्टिली (पार्श्वनकाशा) एकाच वेळी इन्स्टॉल करा. शेपली (भूमिती) आणि पायप्रोज (निर्देशकांचं रूपांतर) त्यांच्याबरोबर आपोआप येतात. सगळी एकदम घ्यायची, कारण यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी जीडॅल, जिऑस आणि प्रोज या जुन्या लायब्ररी आहेत आणि एकेक करून टाकताना त्यांच्या आवृत्त्या एकमेकींशी भांडतात.

फोल्डर तीन करा: मूळ डेटा, तयार डेटा, नकाशे. मूळ डेटाच्या फोल्डरमधली फाइल कधीही हाताने बदलायची नाही. चूक सापडली तर ती दुरुस्त करणारी ओळ कोडमध्ये लिहायची. नकाशे काढायला क्यूजीआयएससारखं उत्तम सॉफ्टवेअर असताना पायथनकडे यायचं ते याच कारणासाठी. मार्गदर्शकांनी सहावा बिंदू घालायला सांगितला की तक्त्यात एक ओळ वाढवायची आणि कोड पुन्हा चालवायचा. नकाशा पहिल्यापासून काढावा लागत नाही.

बिंदूंचा तक्ता

काठावर मोबाइलने जागा नोंदवताना पाच मिनिटं थांबा. मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरपर्यंतची अचूकता मिळते, पुलाखाली किंवा दाट झाडीत ती बिघडते. तक्त्यात बिंदू क्रमांक, नाव, अक्षांश, रेखांश, अचूकता, तारीख, कोणता काठ आणि शेरा एवढे रकाने ठेवा. ‘कोणता काठ’ हा रकाना बहुतेक जण गाळतात. तो गाळू नका, पुढे तोच उपयोगी पडतो. डावा-उजवा ठरवताना तोंड प्रवाहाच्या दिशेला असावं.

अंश-मिनिट-सेकंद आणि दशांश यांची गल्लत ही पहिली मोठी चूक. १६ अंश ४२ मिनिटं ३० सेकंद म्हणजे १६.७०८३. तेच घाईत १६.४२३० असं लिहिलं तर बिंदू ३१ किलोमीटर दक्षिणेला, मुरगूडच्या बाजूला जातो. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवायचं. हे कोडकडूनच करून घ्या.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. तक्ता एक्सेलमध्ये भरला, रकान्याचं फॉरमॅट दोन दशांश स्थळांवर होतं, आणि सीएसव्ही (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून जतन करताना जेवढं पडद्यावर दिसत होतं तेवढंच फाइलमध्ये गेलं. राजाराम बंधाऱ्याचा बिंदू नदी सोडून उसाच्या फडात पडला. दोन दशांश स्थळांवर अर्ध्या किलोमीटरपर्यंत चूक होऊ शकते. तिसऱ्या स्थळाचा एक एकक म्हणजे सुमारे ११० मीटर, चौथ्याचा ११ आणि पाचव्याचा साधारण १ मीटर. पाच स्थळं ठेवा. त्याहून जास्त ठेवून मोबाइलची अचूकता वाढत नाही.

नावं मराठीत लिहिली असतील तर सीएसव्ही यूटीएफ-८ मध्येच जतन करा, आणि पुढच्या नकाशा-डेटाच्या फाइलींसाठी शेपफाइल या जुन्या प्रकाराऐवजी जिओपॅकेज हा प्रकार वापरा. शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला १० बाइटच मिळतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा एक वर्ण ३ बाइट घेतो, म्हणजे रकान्याचं नाव तीन वर्णांतच संपतं.

अंशातून मीटरमध्ये

या कामाचं मर्म इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळू.

तक्ते हाताळणाऱ्या पांडाज लायब्ररीने तक्ता वाचून झाला की जिओपांडाजच्या ‘पॉइंट्स फ्रॉम एक्स-वाय’ने बिंदू तयार करा. यात पहिला आकडा एक्स, म्हणजे रेखांश. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, इथे रेखांश आधी येतो. उलटं झालं तर कोल्हापूरचे बिंदू १६ पूर्व रेखांश आणि ७४ उत्तर अक्षांशावर, नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात बेअर बेटाजवळ पडतात. कोड तक्रार करत नाही, कारण ती जागाही पृथ्वीवरच आहे. भर म्हणजे फोलियम या लायब्ररीला अक्षांश आधी लागतो. प्रत्येक लायब्ररीचा क्रम एकदा तपासून कोडमध्ये टिपण म्हणून लिहून ठेवा.

बिंदू तयार करतानाच त्यांची निर्देशक प्रणाली सांगा: ईपीएसजी ४३२६ (ईपीएसजी म्हणजे प्रत्येक प्रणालीचा ओळखक्रमांक), म्हणजे डब्ल्यूजीएस ८४ चे अक्षांश-रेखांश. मोबाइल याच प्रणालीत जागा देतो. मग ‘टू सीआरएस’ने सगळं ईपीएसजी ३२६४३ मध्ये बदलून घ्या. पृथ्वीला पट्ट्यांत वाटून मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीचा हा ४३ वा उत्तर पट्टा, ७२ ते ७८ पूर्व रेखांशांचा. कोल्हापूर साधारण ७४.२४ वर, म्हणजे त्यात नीट बसतं. आता आकडे मीटरमध्ये आले.

मीटर का हवेत? कोल्हापूरच्या अक्षांशावर एक अंश अक्षांश सुमारे ११०.६ किलोमीटर असतो, तर एक अंश रेखांश सुमारे १०६.६. दोन दिशांची मोजपट्टी वेगळी असेल तर अंतर आणि क्षेत्रफळ या दोन्ही गोष्टी निरर्थक होतात. काही जण वेबवरच्या नकाशांची ईपीएसजी ३८५७ प्रणाली वापरतात, कारण तिच्यातही मीटर दिसतात. तो मोह टाळा. आपल्या अक्षांशावर तिच्यात लांबी ४ टक्क्यांहून जास्त आणि क्षेत्रफळ सुमारे ९ टक्के फुगतं. यूटीएममध्ये इथे १ किलोमीटरमागे साधारण ३० सेंटीमीटरचा फरक पडतो, तो सोडून देता येतो.

‘सेट सीआरएस’ आणि ‘टू सीआरएस’ यांतला फरक मनात पक्का करा. पहिलं फक्त लेबल लावतं, आकड्यांना हात लावत नाही. दुसरं आकडे बदलून देतं. अंशातल्या आकड्यांना ‘सेट’ने ३२६४३ चं लेबल लावलं तर कोल्हापूर विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेच्या समुद्रात जातं. त्यामुळे बदल झाल्यावर आकडे छापून बघायची सवय लावा. शहराच्या मध्याचा ईस्टिंग (पूर्व-पश्चिम दिशेचा आकडा) साधारण ४ लाख १९ हजार आणि नॉर्थिंग (दक्षिण-उत्तर दिशेचा) साधारण १८ लाख ४६ हजार येतो. तुमचे आकडे याच्या जवळपास नसतील तर तिथेच थांबा.

जुन्या छापील टोपोशीटवरून बिंदू घेत असाल तर आणखी एक दक्षता हवी. त्या शीट एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या वेगळ्या मापावर आधारलेल्या आहेत. त्यांचे अक्षांश-रेखांश थेट डब्ल्यूजीएस ८४ समजून वापरले तर बिंदू जागचा हलतो, आणि पंचगंगेसारख्या अरुंद पात्रात तेवढ्याने काठ बदलू शकतो.

नदी आणि क्षेत्राची हद्द

नदीची रेषा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून तयार केलेल्या मुक्त नकाशातून घेऊ. अंशातले बिंदू ‘टोटल बाउंड्स’ला दिले की त्यांची चौकट मिळते. ती चारही बाजूंनी थोडी वाढवून ओएसएमएनएक्सच्या ‘फीचर्स फ्रॉम बीबॉक्स’ला द्या आणि ‘वॉटरवे’ हा टॅग ‘रिव्हर’ असलेल्या वस्तू मागा. दुसऱ्या आवृत्तीपासून चौकटीचा क्रम पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर असा आहे. जुन्या लेखांत तो वेगळा दिसेल.

हाती येतं ते मिश्र असतं: रेषा, पॉलिगॉन (बंद आकृत्या), मधूनच सुटे तुकडे. भूमितीच्या प्रकारावर गाळून फक्त रेषा ठेवा, ३२६४३ मध्ये आणा आणि शेपलीच्या ‘लाइन मर्ज’ने जोडा. निकालात अनेक तुकडे उरले तर कुठेतरी रेषा तुटली आहे किंवा उपनदी मधे आली आहे. नकाशावर प्रत्येक तुकडा वेगळ्या रंगात काढला की दोष लगेच दिसतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये नदीची रेषा प्रवाहाच्या दिशेने काढायची रीत आहे, तरी दोन टोकं छापून खात्री करा.

एकसंध रेषा मिळाली की रेषेच्या ‘प्रोजेक्ट’ने प्रत्येक बिंदू तिच्यावर आणा. नदीच्या वळणांनुसार तो उगमाकडच्या टोकापासून किती मीटरवर आहे ते कळतं. त्यातून चिखलीच्या बिंदूचा आकडा वजा करा. ‘संगमापासून नदीमार्गे अमुक किलोमीटर’ असं प्रत्येक बिंदूपुढे लिहिता येणं ही अहवालातली सर्वांत उपयोगी माहिती, कारण प्रदूषण हवेतून सरळ रेषेत जात नाही, पाण्याबरोबर वळणं घेत जातं. त्याच वेळी प्रत्येक बिंदूचं नदीच्या रेषेपासूनचं ‘डिस्टन्स’ही काढा. पात्राच्या निम्म्या रुंदीपेक्षा ते फार जास्त आलं तर बिंदू चुकला आहे. माझा उसातला बिंदू या एका तपासणीत सापडला असता.

आता हद्द. पहिल्या आणि शेवटच्या बिंदूच्या मधला रेषेचा भाग ‘सबस्ट्रिंग’ने कापा आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरचा बफर, म्हणजे तेवढ्या रुंदीचा पट्टा घ्या. ‘कॅप स्टाइल’ (पट्ट्याच्या टोकांचा आकार) सपाट ठेवा, नाहीतर टोकांना अर्धवर्तुळं येतात आणि अभ्यासक्षेत्र संगमाच्या वरही पसरतं. ५०० च का, हा प्रश्न तुम्हाला विचारला जाणार आहे. जमीनवापर बघायचा असेल तर वेगळं अंतर लागेल. उत्तर तयार ठेवा, बिनकारण गोल आकडा घेऊ नका.

क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये येतं. १०,००० ने भागलं की हेक्टर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्येच असतं, तेव्हा काठावरच्या ओळखीच्या एखाद्या शेताचा पॉलिगॉन काढून त्याचं क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून बघा. स्वतःच्या आकड्यांवर भरवसा बसायला यासारखा उपाय नाही.

उंची, आणि ३९–४३ फुटांची गल्लत

पार्श्वभूमीला उंची दाखवायची तर युरोपच्या कोपर्निकस उपग्रह कार्यक्रमाचं ३० मीटरचं उंचीचं मॉडेल मोफत मिळतं. रास्टेरिओच्या ‘मास्क’ने चौकटीपुरतं कापा आणि ‘बायलिनियर’ पद्धतीने ३२६४३ मध्ये आणा. लक्षात ठेवा, हे पृष्ठभागाचं मॉडेल आहे. त्यात झाडं आणि इमारती धरलेल्या असतात, आणि उभ्या उसाची उंचीही काही प्रमाणात मिसळू शकते.

इथे अनेक जण उत्साहात पूररेषा काढायला जातात. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण ते बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीवरचे आकडे आहेत, समुद्रसपाटीपासूनची उंची नव्हे. शहर समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून उंच आहे, तेव्हा ४३ फुटांचे १३.१ मीटर करून मॉडेलला लावले तर नकाशावर थेंबभरही पाणी दिसणार नाही. मोजपट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळवूनच पुढे जावं लागतं. ती मिळाली तरी दुसरी अडचण आहेच. ३९ आणि ४३ मधला फरक ४ फूट, म्हणजे सव्वा मीटरहून किंचित कमी, तर या मॉडेलच्या उभ्या अचूकतेची हमीच ४ मीटरच्या घरातली. लोकांची घरं कोणत्या रेषेत येतात हे अशा डेटावरून सांगू नये. ज्यांनी २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिला आहे त्यांच्यासमोर तर नाहीच. प्रत्यक्ष पसरलेलं पाणी दाखवायचं असेल तर सेंटिनल-१ उपग्रहाची रडार प्रतिमा घ्या. जुलै-ऑगस्टच्या ढगांतूनही तिला पाणी दिसतं.

सेंटिनल-२ ची १० मीटरची प्रतिमा वापरणार असाल तर तारीख बघून निवडा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाळ्यापूर्वी काढतात आणि पावसाळा सरल्यावर पुन्हा घालतात. बरगे घातलेले असताना वरच्या अंगाला पाणी तुंबून पात्र रुंद दिसतं. नमुने एका स्थितीतले आणि प्रतिमा दुसऱ्या स्थितीतली, असं झालं की नकाशा आणि निष्कर्ष एकमेकांशी बोलत नाहीत.

नकाशा मांडताना

मॅटप्लॉटलिबमध्ये आकृतीची रुंदी पानाच्या मजकुराएवढी, म्हणजे ए-४ साठी साधारण १६ सेंटीमीटर ठेवा आणि ३०० डीपीआयने जतन करा. आधी उंची, मग हद्द, मग नदी, सर्वांत वर बिंदू. ‘झेड ऑर्डर’ (कोणता थर कशावर यायचा तो क्रम) स्वतः द्या. प्रबंधाच्या प्रती पुढे काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर निघतात, म्हणून बिंदूंचे प्रकार रंगावर सोडू नका: नाल्याजवळचे त्रिकोण, नदीतले वर्तुळ.

मीटरमध्ये असल्यामुळे प्रमाणपट्टी सोपी: कोपऱ्यात एक्सच्या दिशेला १००० एककांची रेघ ओढली की १ किलोमीटर झाला. उत्तर दिशा, सूची आणि कडेला अक्षांश-रेखांशांच्या खुणा द्या. कॉन्टेक्स्टिलीचा पार्श्वनकाशा घेतला तर त्याला ३२६४३ हीच प्रणाली सांगा, नाहीतर तुमची नदी एकीकडे आणि त्यांची दुसरीकडे. ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय नकाशावरच लिहा, ती परवान्याची अट आहे.

कोपऱ्यातल्या छोट्या नकाशात जिल्हा आणि महाराष्ट्र पुरे. जिल्ह्याच्या फाइलमध्ये तालुके १२ भरतात का आणि त्यात करवीर आहे का, ते मोजा. भारताचा नकाशा घालायचाच असेल तर बाह्य सीमा सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाशी जुळलीच पाहिजे, तो कायद्याचा भाग आहे. नॅचरल अर्थ या मोफत जागतिक नकाशासंचाच्या नेहमीच्या फाइलींत ती तशी नसते. जिओपांडाजबरोबर पूर्वी येणारा जगाचा नमुना नकाशाही १.० आवृत्तीपासून काढून टाकला आहे.

देवनागरी अक्षरं

मराठी नावं असलेला नकाशा मराठीतच दिसला पाहिजे, याबाबत मी आग्रही आहे. पण मॅटप्लॉटलिबच्या ३.१० पर्यंतच्या आवृत्त्यांत नेहमीचं लेखन देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवत नाही. नोटो सान्स देवनागरी फॉन्ट दिला की चौकोन जाऊन अक्षरं येतात, तरीही ‘प्रयाग चिखली’मधला ‘प्र’ फुटतो आणि ‘चि’ची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. हा दोष फॉन्टचा नाही, फॉन्ट बदलत बसू नका.

मला विश्वासाची वाटलेली वाट अशी: मॅटप्लॉटलिबच्या सेटिंगमध्ये एसव्हीजीचा ‘फॉन्टटाइप’ ‘नन’ करा, नकाशा एसव्हीजीमध्ये जतन करा आणि इंकस्केप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तिथून पीडीएफ काढा. मजकूर मजकूर म्हणूनच जातो आणि इंकस्केप जोडाक्षरं बरोबर घडवतो. एमपीएलकैरो हा बॅकएंड (मॅटप्लॉटलिबसाठी चित्र प्रत्यक्ष रेखाटणारा भाग) अक्षरं जुळवणाऱ्या राकम लायब्ररीसह वापरला तर हेच पायथनमध्येही जमतं, मात्र ते बसवायला खटपट जास्त आहे.

छापील कागद घेऊन काठावर

नकाशा झाला की छापा आणि ज्याने बिंदू घेतले नाहीत अशा मित्राला घेऊन जा. त्याला फक्त कागद आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश द्या, तोंडी काही सांगू नका. तो पंचगंगा घाटावर योग्य पायरीशी आणि नाल्याच्या खालच्या बिंदूला योग्य काठावर पोहोचला तर काम झालं. नाही पोहोचला तर तो कुठे अडखळला ते तिथेच कागदावर लिहा. ‘कोणता काठ’ हा रकाना याच वेळी उपयोगी पडतो.

ही फेरी दोनदा करा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पाऊस सुरू झाल्यावर. मे महिन्यात जिथे उभं राहून बाटली बुडवली ती जागा ऑगस्टमध्ये पाण्याखाली असते. पावसाळ्यात नमुना पुलावरून दोर सोडून किंवा काठावर वर सरकून घ्यावा लागतो. त्या जागेला तक्त्यात स्वतंत्र ओळ द्या, बिंदू क्रमांक तोच ठेवून पुढे ‘प’ जोडा, आणि कोड पुन्हा चालवा.